धाकू शिवलकराचा चुकलेला कंद

रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या बंदरात एखाद्या होडीच्या नाळेवरचं, म्हणजे पुढच्या टोकावरचं, नाव लांबून नीट वाचता आलं, की ते धाकू शिवलकराने रंगवलंय असं खुशाल समजावं. बाप गलबतावर, चुलते गलबतावर, थोरला भाऊ तर थेट एडनपर्यंत जाऊन आलेला. पण धाकूला पाणी लागायचं. होडी बंदराच्या तोंडाशी आली की याच्या पोटात ढवळायला लागे. खारव्याच्या घरात असलं पोर जन्माला यावं याची लोकांना गंमत वाटे. बापाने दोनदा नेऊन बघितलं, तिसऱ्यांदा नेलं नाही. मराठी चौथीपर्यंत शिकलेल्या धाकूने मग रोगणाचा डबा हातात घेतला आणि दुसऱ्यांच्या होड्यांवर नावं काढत किनाऱ्यालाच राहिला.

१९२४ सालच्या श्रावणात होड्या झापांखाली झाकून ठेवलेल्या होत्या. धाकू एका मचव्याच्या नाळेवर केवडा काढत बसला होता. मालकाने कमळ सांगितलं होतं, पण कमळ धाकूने कधी पाहिलं नव्हतं आणि केवडा घरामागेच होता. छत्री मिटत एक म्हातारेसे गृहस्थ झापाखाली शिरले आणि पाऊस कमी होईस्तोवर त्याच्या पाठीमागे उभे राहिले. हे हरिश्चंद्र नागवेकर मास्तर. शाळेत शास्त्र शिकवून नुकतेच पेन्शनीत गेलेले.

"पानाच्या कडांना काटे असतात हे सगळे जाणतात," मास्तर म्हणाले. "तू मधल्या शिरेवरसुद्धा काढलेस. कोणी सांगितलं तुला?"

"कोण सांगणार? हायत तिथं," धाकू म्हणाला. "हात लावून बघा."

मास्तरांनी हात लावला नाही, पण दुसऱ्या दिवशी त्याला घरी बोलावलं.

मास्तरांनी 'उद्भिज्जमाला' नावाचं त्रैमासिक सुरू करायचं योजलं होतं. कोकणातल्या झाडाझुडपांची माहिती सोप्या मराठीत, सोबत चित्रं, आणि वर्गणीदार म्हणून खेड्यापाड्यातल्या शाळा. मजकूर ते स्वतः लिहिणार होते. चित्रांचं काय करावं हे त्यांना उमगत नव्हतं. त्यांच्या ओटीवर एक लोखंडी ट्रंक होती. तिच्यात विलायती वनस्पतिशास्त्राची पुस्तकं आणि मासिकं रचून ठेवलेली होती, आणि कसर लागू नये म्हणून पानापानांत वेखंडाचे तुकडे घातलेले होते. मास्तरांनी एक जाडं पुस्तक काढून धाकूच्या पुढ्यात उघडलं.

धाकूला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. पण त्या दिवशी तो दुपारचं जेवण विसरला. एकेका फुलाची पाकळी न् पाकळी सुटी करून मांडलेली होती. शेंग उभी चिरून आतल्या बिया दाखवलेल्या होत्या. मुळांना चिकटलेली मातीसुद्धा कुणीतरी काढायची सोडली नव्हती. चित्राच्या खाली, अगदी कोपऱ्यात, मुंगीएवढी अक्षरं होती.

"हे काय लिवलंय?"

"चित्र काढणाऱ्याचं नाव."

"कशाला?"

"हे मी बघितलं आणि बघितलं तसं काढलं, अशी त्याची साक्ष आहे ती," मास्तर म्हणाले.

पहिल्या अंकापासून मास्तरांनी प्रत्येक चित्राखाली बारीक अक्षरांत 'चित्र : धा. शिवलकर' असं घालायला लावलं. छपाई गावातल्या शिळाप्रेसवर व्हायची. चिकट शाईने खास कागदावर चित्र काढायचं, तो कागद दगडावर दाबला की चित्र दगडावर उतरायचं. धाकूचा हात त्या शाईवर बसायला दोन महिने लागले. नंतर मात्र मास्तरांशी त्याचे खटके उडायला लागले ते वेगळ्याच कारणाने. किड्याने खाल्लेलं पान असलं तर धाकू भोकासकट काढी.

"अरे, भोक हा काही त्या झाडाचा गुण नव्हे," मास्तर म्हणत.

"मग भोक नसलेलं पान आणून द्या. समोर हाय ते मी काढतंय."

मास्तर चरफडत आणि छत्री घेऊन दुसरं पान शोधायला निघत. तीन वर्षं असंच चाललं. धाकू पावसाळाभर चित्रं काढी, उरलेल्या दिवसांत होड्या रंगवी. त्याची बायको मालन म्हणायची, "आमच्याकडं आता म्हावऱ्यापेक्षा पाला जास्त येतो." पण शेजारणी आल्या की तीच अंक उघडून दाखवी आणि खालच्या कोपऱ्यातल्या नावावर बोट ठेवी.

१९२७ च्या दिवाळीला मास्तरांनी 'रानातले खाण्याजोगे कंद' असा खास अंक काढायचं ठरवलं. आठ चित्रं हवी होती. सात झाली. आठवं होतं चाईचं. चाई म्हणजे रानातला वेल. त्याला पाच-पाच पानं एकत्र येतात, कोवळ्या शेंड्यांची आणि मोहराची भाजी होते, आणि जमिनीत खोल गेलेला कंद हिवाळ्यात उकडून खातात. हे सगळं डोंगराकडच्या लोकांना ठाऊक. किनाऱ्यावर वाढलेल्या धाकूने चाईचा कंद जन्मात पाहिला नव्हता. वेल त्याने भाद्रपदात पोमेंडीच्या रानात जाऊन पानासारखं पान कागदावर उतरवून आणला होता. खाली कंदाची जागा कोरी होती. कंद पोसायला अजून दोन-तीन महिने होते आणि प्रेसवाला चार दिवसांत चित्र मागत होता.

मास्तरांच्या ओटीवर एक टोपली असे. गावोगावचे शिक्षक झाडांचे नमुने पाठवत, ते चिठ्ठी बांधून तिच्यात पडत. त्या वर्षी हस्ताच्या पावसाची झड ओटीत आली आणि टोपली भिजली. चिठ्ठ्यांवरची शाई पसरून निळे डाग तेवढे राहिले. धाकूने टोपली उपसली. एका सुकलेल्या, पाच पानांच्या वेलाला लागूनच एक कंद पडला होता. देखणा कंद. नांगराच्या फाळासारखा वाकलेला, दोन फाटे फुटलेला, बोटभर जाड. चित्राला असा कंद मिळणं म्हणजे नशीबच.

धाकूने तो हातात घेतला आणि क्षणभर थांबला. एवढा नाजूक वेल आणि असा बाकदार कंद, हे त्याच्या मनाला नीटसं जुळेना. त्याने हे बोलून दाखवायला हवं होतं. पण मास्तर आतून आले. त्यांच्या डोळ्यांत तेव्हा सारा, म्हणजे मोतीबिंदू, उतरायला लागला होता, कागद नाकाशी धरून वाचत. त्यांनी विचारलं, "हाच ना रे चाईचा?"

"हाच," धाकू म्हणाला.

मजकुरात कंदाचं वर्णन एका ओळीचं होतं. लांबट, बाहेरून तपकिरी, आतून पांढरा. चित्राशी ते जुळलं. अंक दिवाळीला निघाला आणि दोनशे दहा प्रती जिल्हाभर गेल्या.

पौषात मास्तरांच्या पत्त्यावर एक जाड पाकीट आलं. वर लिहिलं होतं : 'रा. धा. शिवलकर, चित्रकार, यांस.' मास्तरांनी ते न फोडता ठेवलं आणि धाकूला बोलावणं पाठवलं. पाकिटातून अंकाचं एक फाडलेलं पान निघालं, चाईचं. सोबत पत्र होतं. धाकूने ते वाचायला घेतलं आणि दुसऱ्या ओळीशी थांबून मास्तरांच्या हातात दिलं. मास्तरांना अक्षर लागेना. शेवटी धाकूनेच ते मोठ्याने वाचलं.

'मी सावर्ड्याजवळच्या वाडीत शिक्षक आहे. मूळचा वाईकडचा. माझी पत्नी विमला हिने आपल्या चित्राबरहुकूम कुंपणातला कंद ओळखून खणला, उकडला आणि मी शाळेतून यायच्या आत चव बघावी म्हणून थोडा खाल्ला. तासा-दोन तासांत तिला ओकाऱ्या व जुलाब सुरू झाले. चिपळूणचे डॉक्टर आले. पाच दिवस ती जगते की नाही हे कोणी सांगत नव्हतं. कंद शेजाऱ्यांनी पाहिला तेव्हा ते म्हणाले, हा कळलावीचा, खड्यानागाचा. इथलं शेंबडं पोरही याला हात लावत नाही. आम्ही परके, आम्ही आपल्या चित्रावर विश्वासलो. चित्राखाली आपलं नाव आहे म्हणून आपणांस लिहीत आहे. ती वाचली आहे. तिचे केस गेले. रावजी पिसाळ.'

धाकूने पत्राची घडी घातली. खड्यानागाचं फूल त्याने शंभरदा पाहिलं होतं. लाल-पिवळं, जाळ पेटल्यासारखं. त्याच्या मुळाशी काय असतं हे बघावं असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

मास्तरांनी फाडलेलं पान नाकाशी धरून बघितलं. मग म्हणाले, "चूक माझी आहे. संपादक मी. तपासायचं काम माझं. पुढच्या अंकात शुद्धिपत्र घालू."

"तुमी मला इचारलंत, हाच ना. मी म्हणालो, हाच," धाकू म्हणाला. "मला तवाच खटकलं होतं, मास्तर."

"मग बोलला का नाहीस?"

"कंद दिसायला चांगला होता."

एवढंच कारण होतं, आणि ते बोलताना त्याची त्यालाच लाज वाटली.

तो सावर्ड्याला जायला निघाला तेव्हा मालन दारात आडवी आली. "कशाला जाताव? तो मास्तर चिडलेला आसंल. मारील बिरील तुमाला."

"मारू दे."

"अन् जाऊन करणार काय? केस लावून देणार हाव?"

धाकूने पायांत वहाणा सरकवल्या. मालननेच मग नारळाच्या वड्या बांधून दिल्या, आणि तो वळणाआड जाईपर्यंत दारात उभी राहिली.

सर्व्हिस मोटारीने तो दुपारी सावर्ड्याला उतरला आणि विचारत विचारत वाडीत पोचला. शाळा सुटली होती. रावजी पिसाळ अंगणात वह्या तपासत बसले होते. धाकूने नाव सांगितलं तसे ते उभे राहिले.

"तुम्ही?" ते म्हणाले. "काय काम आहे तुमचं इथं? चित्र काढायचंय का तिचं?"

धाकू मान खाली घालून उभा राहिला. तो एवढंच म्हणाला, "चूक माझी हाय, ते सांगायला आलो."

"सांगून झालं ना? मग चला."

आतून आवाज आला. "कोण आलंय? त्यांना आत घ्या की. एवढ्या लांबून आलेत ते."

"काही गरज नाही," रावजी आतल्या बाजूला म्हणाले.

"मला आहे गरज. मला त्यांना विचारायचंय."

विमला दारात आली. वीस-बावीस वर्षांची असेल. पदर कपाळापर्यंत घट्ट ओढून घेतलेला होता, तरी कानांमागची मोकळी कातडी लपत नव्हती. कपाळाला कुंकू होतं, हातांत बांगड्या होत्या, आणि डोकं मात्र विधवेसारखं. धाकूने एकदाच पाहिलं आणि नजर बाजूच्या तुळशीवर नेली.

"पाणवठ्यावर बायका माझ्याकडं बघतात आणि यांची खुशाली विचारतात," विमला म्हणाली. ती रडत नव्हती. "चिडून तरी काय करायचं? मला एवढंच सांगा, तुम्ही ते चित्र कशावरून काढलं? मी तास तास ते समोर धरून बसत होते. वाकडेपणा, फाटा, सालीवरच्या रेघा, सगळं बरोबर जुळलं होतं. इतकं बरोबर काढणारा माणूस नाव कसं चुकला, ते मला कळेना."

धाकूने तिला सगळं सांगितलं. टोपली, भिजलेल्या चिठ्ठ्या, प्रेसची घाई, 'हाच' म्हटलेलं, सगळं. काही झाकलं नाही. रावजी वह्या बाजूला सारून ऐकत राहिले. मग विमलाने पायरीवर पाणी ठेवलं.

"शेजारच्या काशीकाकू असत्या तर त्यांना दाखवलं असतं," ती म्हणाली. "त्या तेव्हा माहेरी गेल्या होत्या. मला वाटलं, पुस्तकात आहे म्हणजे विचारायचं कशाला."

धाकूने कुंपण दाखवा म्हटलं. दगडी गडग्याच्या कडेला माती उकरलेली तशीच होती. वेल सुकून दोरा झाला होता. पान एकही नव्हतं. अशा दिवसांत चाईचा वेल आणि कळलावीचा वेल दोन्ही सारखेच दिसायचे. माणसाने जमिनीतल्या कंदावरूनच ओळखायचं, आणि तो तर त्यानेच चुकीचा काढून दिला होता. त्याने काठीने माती बाजूला केली. आणखी एक कंद निघाला. तेच दोन फाटे.

शेजारची काशीकाकू एव्हाना कमरेवर हात ठेवून बघत होती. तिने धाकूला वर डोंगराच्या उताराला नेलं आणि पहारीने हातभर खोल खणून चाईचा खरा कंद काढून दिला. जाडजूड, आडवातिडवा, अंगभर केसांसारखी मुळं. "ह्यो चाईचा," ती म्हणाली. "अन् त्यो हात धुवून टाक बघू आधी."

संध्याकाळपर्यंत रावजींच्या पडवीत बसून धाकूने दोन्ही कंद शेजारी शेजारी काढले. विमला जवळ बसून बघत होती. मध्येच तिने विचारलं, "या बाजूला दोन फाटे सारखे नाहीत, एक आखूड आहे. प्रत्येकाचा असाच असतो का, की याचाच?"

धाकूचा हात थांबला. तीन वर्षांत मास्तरांनीही त्याला असा प्रश्न विचारला नव्हता. "ठाव नाय," तो म्हणाला. "आणखी खणून बघाया हवं." दोघांनी मिळून गडग्याकडेने आणखी चार कंद उकरले. सगळ्यांचा एक फाटा आखूड निघाला. मग त्याने चित्र पुरं केलं.

निघताना रावजी मोटारीपर्यंत सोबत आले. मोटार सुटताना म्हणाले, "ती जगली नसती तर मी तुम्हाला दारात उभं केलं नसतं."

"मी आलोच नसतो," धाकू म्हणाला. "तोंड दाखवलं नसतं."

रत्नागिरीला आल्यावर मास्तरांनी शुद्धिपत्राचा मजकूर वाचून दाखवला. चांगला सबंध पानभर होता. धाकूने नकाराची मान हलवली.

"शुद्धिपत्र कोण वाचतो, मास्तर? माणसं चित्र बघतात. जुनं चित्र जिथल्या तिथं राहिलं तर ते बोलतच राहणार."

"मग काय, दोनशे दहा प्रती परत मागवतोस?"

"परत कोण पाठवील? मी जातो."

शिळाप्रेसवर दोन्ही कंदांचं नवं पान छापलं गेलं. कळलावीच्या कंदाखाली ठळक अक्षरं : 'हा विषारी आहे. मागील अंकात हा चुकून चाईचा म्हणून दाखवला. चूक चित्रकाराची.' शेवटचे दोन शब्द मास्तरांना नको होते. धाकूने ते स्वतःच्या हाताने लिहिले होते आणि कागद प्रेसवर परस्पर नेऊन दिला होता. मास्तरांनी वर्गणीदारांची यादी त्याला उतरवून दिली, आणि माघापासून धाकू खळीचा डबा आणि छापील पानांची गुंडाळी घेऊन हिंडायला लागला.

घाटाखालच्या गावांना पायी जाता येई. किनाऱ्यावरच्या गावांना खाड्या ओलांडाव्या लागत, आणि दाभोळला, हर्णैला जायचं तर आगबोट. आगबोटीवर धाकू कठड्याला धरून बसे आणि पोटातलं सगळं समुद्राला देई. ओळखीचे खलाशी हसत. "शिवलकराच्या पोरा, कुठं निघालास रं मरायला?" तो नुसता हात हलवी.

शाळेत पोचला की तो अंक मागून घेई, चाईचं पान उघडी आणि जुन्या चित्रावर नवं चित्र खळीने चिकटवी, कोपरे वाळेपर्यंत तळहाताने दाबून धरी. मग मुलांना बोलावून दोन्ही कंदांतला फरक सांगे. काही शिक्षक चहा देत, काही जण वर्गात व्यत्यय नको म्हणून बाहेर थांबायला लावत. राजापूरकडच्या एका शाळेत ते पान कापून, चौकटीत घालून भिंतीवर लावलेलं निघालं, इतकं ते तिथल्या मास्तरांना आवडलं होतं. धाकूने खुर्चीवर चढून चौकट उतरवली आणि काच काढून जुन्या चित्रावर नवं चिकटवलं.

दाभोळला एक वैद्य वर्गणीदार होते. त्यांनी पान पाहिलं आणि हसले. "अहो, हा लांगलीचा, म्हणजे कळलावीचा, कंद हे मी बघताक्षणी ओळखलं. छापखान्याची गफलत म्हणून पान उलटलं."

"मग कळवलंत का नाय?" धाकूने विचारलं.

"मला काय, मला ठाऊकच होतं."

त्या दिवसांत धाकूला राग आला तो तेवढा एकदाच. त्याने खळ लावली, पान दाबलं आणि तो निघाला. वैद्याने जे केलं ते आपण टोपलीपाशी केलं त्याहून फार वेगळं नव्हतं, असं त्याला खाडी ओलांडताना वाटत राहिलं.

अक्षय्यतृतीयेपर्यंत एकशे एक्क्याण्णव प्रती झाल्या. एकोणीस सापडल्या नाहीत. कुणी मुंबईला नेल्या होत्या, कुणाच्या वाळवीने खाल्ल्या होत्या, एक प्रत वाण्याने पुड्या बांधायला वापरली होती. पुढच्या वर्षांत त्यांपैकी बारा मिळाल्या. सात मिळाल्याच नाहीत. कुणी नवा शिक्षक भेटला की धाकू आधी विचारी, "तुमच्याकडं उद्भिज्जमालेचा सत्तावीस सालचा दिवाळी अंक हाय काय हो?" लोकांना वाटे, याला जुने अंक जमवायचा नाद आहे.

श्रावणात विमलाचं पत्र आलं, तिच्या स्वतःच्या अक्षरात. 'केस बोटभर झाले आहेत. मऊ आहेत, लहान मुलासारखे. हे म्हणतात आता पदर ढिला सोड. काशीकाकूंबरोबर मी रानात जाते, त्या नावं सांगतात आणि मी लिहून ठेवते. एकेका भाजीला तीन-तीन नावं निघतात. तुम्ही या.'

तो गेला, आणि पुढे दरवर्षी जात राहिला. विमला परीक्षा देऊन १९३१ साली चिपळूणच्या एका मुलींच्या शाळेत शिक्षिका झाली. इकडे मास्तरांचे डोळे पूर्ण गेले. त्रैमासिक आणखी वर्षभर धाकूने वाचून दाखवत आणि मास्तरांनी सांगत सांगत कसंबसं चालवलं. मग बंद पडलं. १९३३ च्या चैत्रात मास्तर वारले. आधी आठवडाभर त्यांनी ट्रंक खाटेजवळ ओढून घेतली होती. ते पुस्तक हातात घेत, पानांवरून बोट फिरवत आणि धाकूला विचारत, "हे कोणतं?" धाकू चित्र बघून पानं, फुलं, केसर, शेंग, जसं असेल तसं सांगे. मास्तर नाव सांगत. एकदाही चुकले नाहीत. ट्रंक त्यांनी विमलाच्या शाळेला दिली होती. धाकूनेच ती होडीतून आणि मोटारीतून पोचवली.

त्या ट्रंकेमुळेच पुढचं काम उभं राहिलं. विमलाच्या वहीत तोवर दीडशे रानभाज्या आणि कंद जमले होते. ट्रंकेतली चित्रं बघून मुलींसाठी त्यांचं तसंच पुस्तक करावं असं तिने ठरवलं आणि धाकूला चित्रं मागितली.

धाकू म्हणाला, "मला आता त्यात ओढू नका, बाई. एक चित्र काढलं ते पुरे झालं."

"म्हणून तर तुम्हीच हवेत," विमला म्हणाली. "दुसरा कोणी असेल तर तो झाड न बघताच काढून देईल आणि मला कळणारही नाही. तुम्हाला आता तसं जमायचं नाही."

धाकू दोन दिवस चिपळुणात राहिला आणि जाताना हो म्हणाला. अट एकच घातली. जे जेव्हा उगवेल, फुलेल, पोसेल तेव्हाच काढायचं, मग कितीही वर्षं लागोत. प्रकाशकाने घाई केली तर पुस्तक बंद. विमलाने ती अट प्रकाशकाकडून लिहून घेतली.

तीन वर्षं लागली. धाकूचे गुडघे दुखायला लागले होते. मालन म्हणायची, "होडी लागते म्हणून घरात बसलेला नवरा मिळाला होता, तो डोंगरानं नेला." पण आता तीही कधीमधी बरोबर जाई. रानातल्या बायका तिच्याशी मोकळेपणाने बोलत, आणि तिने आणलेली नावं विमलाच्या वहीत वेगळ्या शाईने चढत.

१९३६ साली सगळी पानं तयार झाली. एक सोडून. घोडवेलीचा कंद हाती येत नव्हता. वेल मोठा, मुळी कातळाच्या फटीत खोल गेलेली. दोन ठिकाणी खणून पहार वाकली, पण कंद काही दिसला नाही. पान, फूल, शेंग काढून झाली होती. प्रेसवाला म्हणाला, "खाली एवढी जागा मोकळी बरी दिसत नाही. नक्षी घालू का?"

"नको," धाकू म्हणाला. त्याने लेखणी घेतली आणि मोकळ्या जागेत लिहिलं, 'कंद पाहिलेला नाही.'

विमलाने ते पान बघितलं आणि तसंच छापायला पाठवलं. पुस्तक शाळाशाळांत गेलं. शिक्षणखात्याच्या एका साहेबांनी या ओळीवर नाराजीचा शेरा मारला, अपुऱ्या माहितीचं पुस्तक मुलांच्या हाती देऊ नये म्हणून. विमलाने उत्तर पाठवलं, की उरलेल्या एकशे एकोणपन्नास पानांवर विश्वास ठेवायला हेच एक पान कारण आहे.

मार्गशीर्षात धाकूला एक पोस्टकार्ड आलं. घाटाखालच्या एका गावातल्या महिपत नावाच्या शेतकऱ्याने ते कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं. 'माझ्या लेकीनं शाळेतलं बुक वाचून दावलं. तुमी घोडवेलीचा कंद पाहिला नाय असं त्यात हाय. आमच्या बांधाला वेल हाय. कंद घागरीएवढा आसंल. मी खणून ठेवत नाय, तुमी या, तुमच्या समोर खणू. चार माणसं लागतील, ती हायत.'

मालनने कार्ड दोनदा वाचून घेतलं. "घागरीएवढा?" ती म्हणाली. "मग मी पण येतंय."

आठ दिवसांनी दोघं निघाली. महिपत गावाच्या वेशीवरच वाट बघत उभा होता, खांद्यावर पहार, मागे तीन गडी. त्याने धाकूच्या हातातली कागदांची पेटी घेतली आणि म्हणाला, "चला, ऊन चढायच्या आत सुरू करू. जमीन कठीण हाय."